ऑर्गनचा व्हिडिओ दाखवताय? आधी पडदा झाका



मागच्या महिन्यात माझ्या चौथीच्या वर्गात एक छोटीशी फजिती झाली. तिथूनच हा लेख सुचला, म्हणून आधी तेच सांगते.

आमचा 'ध्वनी' हा विषय चालू होता. तार थरथरली की सतार वाजते, कातडं थरथरलं की तबला, आणि नळीतली हवा थरथरली की बासरी, एवढं मुलांना कळलं होतं. मग मला वाटलं, आता जगातलं सर्वात मोठं हवेचं वाद्य दाखवूया. मोठ्या चर्चमधला पाइप ऑर्गन. रात्री बसून छान व्हिडिओ शोधून ठेवला. शाळेत आले तर नेमकी लाइट नाही. लोकवर्गणीतून घेतलेला आमचा स्मार्ट टीव्ही भिंतीवर गप्प. मग काय, मोबाईल हातात धरून बत्तीस मुलांच्या मधून फिरले. एक मुलगा शांतपणे म्हणाला, "बाई, ही तर भजनातली पेटी!"

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना विचार केला, तर तो चुकला नव्हता. त्याला जे ऐकू आलं ते त्याने सांगितलं. चूक माझी होती. मी त्याला ऑर्गन ऐकवलाच नव्हता.

आपल्याकडे 'ऑर्गन' म्हटलं की जुन्या माणसांना संगीत नाटक आठवतं. स्टेजच्या पुढे बसून, पायाने भाता मारत वाजवायचा तो ऑर्गन. तो पेटीचाच मोठा भाऊ. त्यात पितळी पट्ट्या थरथरतात. पाइप ऑर्गनचं तसं नाही. त्यातही काही नळ्यांत पट्ट्या असतात, पण बहुतेक नळ्या शिट्टीसारख्या किंवा बासरीसारख्या वाजतात. फरक एवढाच की बासरीला भोकं असतात, एकाच बासरीतून सगळे सूर निघतात. ऑर्गनच्या एका नळीतून एकच सूर. दुसरा सूर हवा तर दुसरी नळी. त्याच सुराचा वेगळा आवाज हवा तर तिसरी नळी. म्हणून पॅरिसच्या नोत्र दाममधल्या मोठ्या ऑर्गनला सुमारे ८,००० नळ्या आहेत, आणि जर्मनीतल्या पासाऊच्या कॅथेड्रलमध्ये १७,९७४. (हा आकडा फळ्यावर लिहून स्थानिक किंमत विचारली. संधी कशाला सोडा?)

यातली सर्वात लांब नळी ३२ फुटांची असते. म्हणजे जवळजवळ तीन मजले उंच. तिच्यातली हवा सेकंदाला साधारण १६ वेळा थरथरते. माणसाच्या कानाला ऐकू येण्याची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ. म्हणजे हा सूर कानाने कमी आणि अंगाने जास्त कळतो. बाकाला, छातीला, पायाखालच्या फरशीला कळतो. आता मोबाईलचा स्पीकर बघा. आपल्या नखाएवढा. खालचे खर्जाचे सूर त्याला झेपतच नाहीत, शे-दोनशे हर्ट्झच्या खाली तो जवळपास मुका होतो. तरी आपल्याला चाल कळते, कारण वरच्या सुरांवरून आपला मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो. आपण पेपरात 'रिकाम्या जागा भरा' देतो ना, तसं. पण ज्या मुलाने मूळ सूर कधी ऐकलाच नाही, तो रिकामी जागा कशाने भरणार? त्याच्याकडे भजनाची पेटी होती. त्याने ती भरली.

दुसऱ्या दिवशी लाइट होती. टीव्हीला गावातल्या मंडळाचा मोठा स्पीकर जोडला (आणायला आमच्या सरांची मोटारसायकल) आणि तोच व्हिडिओ लावला. या वेळी वर्ग थक्क! पण कशाने, सांगू? वाजवणाऱ्याच्या पायांनी. वादक दोन्ही पायांनी लाकडी पट्ट्यांवर नाचल्यासारखा वाजवतोय, हात तीन-चार ओळींच्या पट्ट्यांवर, शेजारी एक जण पान उलटतोय, दुसरा खटके ओढतोय. मुलं ओरडत होती, "पाय बघ, पाय!" पाच मिनिटं सगळे पाय बघत होते. ऐकत कुणीच नव्हतं.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला जवळजवळ दिसत नाही. ती पहिल्या बाकावर बसते. सगळे "पाय बघ" म्हणत होते तेव्हा ती शेजारणीला विचारत होती, "काय झालं? काय झालं?" आणि शेजारणीला सांगायला वेळ नव्हता. ते मी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. वाद्य ऐकायचं होतं. ऐकण्यात ती वर्गात सर्वांच्या पुढे आहे. आणि माझ्या तासाला तीच मागे पडली.

म्हणून तिसऱ्या दिवशी टीव्हीवर टेबलाचा कपडा टाकला आणि म्हटलं, आज फक्त कान. आमच्या सरांचं मत वेगळं होतं, ते आधीच सांगून टाकते. ते म्हणाले, "मॅडम, चित्राशिवाय पोरं दोन मिनिटं बसणार नाहीत." अगदी बरोबर निघालं. दोन मिनिटं नुसता दंगा. पण तिसऱ्या मिनिटाला वर्ग निवळला. शेवटचा मोठा सूर आला, वादकाने हात उचलले असावेत, आणि आवाज मात्र थांबेना. तो मागे मागे जात राहिला. मुलं टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्या मुलीने हात वर केला, सगळ्यांना थांबवलं, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "आत्ता संपलं."

मी मुद्दाम दुसरा एक व्हिडिओ लावला. त्यात शेवटचा सूर झाल्याबरोबर कुणीतरी कापून टाकलं होतं. ती लगेच म्हणाली, "बाई, दार लावलं का?"

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे.

मोठ्या चर्चमध्ये आवाज दगडी भिंतींवर, उंच छतावर आपटत राहतो. आपण विज्ञानात त्याला निनाद म्हणतो, गावात आपण घुमारा म्हणतो. काही चर्चमध्ये तो सहा-सात सेकंद टिकतो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. ऑर्गनवादक वाजवताना हा घुमारा धरूनच वाजवतो. घुमारा जास्त असेल तर तो सावकाश वाजवतो, दोन सुरांमध्ये जागा सोडतो, नाहीतर सगळी खिचडी होईल. म्हणजे ती इमारत हा वाद्याचाच एक भाग आहे. सतारीचा भोपळा असतो ना, तसा ऑर्गनचा भोपळा म्हणजे ते अख्खं चर्च. शेवटचे ते सहा सेकंद कापणं म्हणजे सतारीचा भोपळा काढून फोटो काढणं.

आणि कापणारे कापतात, कारण त्यांना वाटतं तिथे काहीच नाही. 'शांतता' आहे. व्हिडिओ लांबतो. लोक पुढे सरकवतात. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्या जाणकार माणसांची खरी मेहनत या सहा सेकंदांसाठीच असते हो! माइक नळ्यांच्या जवळ लावला तर आवाज स्वच्छ येतो, पण सोबत पट्ट्यांची खटखट आणि हवेची सूं सूं पण येते, आणि चर्च गायब होतं. लांब लावला तर चर्च येतं, पण सूर धुक्यात जातात. म्हणून उंच काठीवर दोन माइक, बऱ्याच अंतरावर, आणि ती बरोबर जागा सापडेपर्यंत पुढे-मागे सरकवणं. बाहेरची वाहनं आणि आतले पर्यटक नकोत म्हणून कितीतरी वेळा मध्यरात्री काम. शिवाय हवा तापली की बासरीसारख्या नळ्यांचा सूर चढतो आणि पट्टीवाल्या नळ्यांचा फारसा चढत नाही, म्हणजे सगळं बेसूर. त्यामुळे आधी सूर लावणारा कारागीर हजर हवा.

चित्रीकरणात आणखी एक गंमत आहे, पाचवी-सहावीच्या शिक्षकांनी जरूर वापरा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा वादकाच्या बोटांजवळ आणि माइक ३४ मीटर लांब असेल तर आवाज किती उशिरा येईल? एक दशांश सेकंद. व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं धरली तर अडीच चित्रांचा फरक. बोट आधी दिसतं, सूर नंतर येतो. मग संकलन करणारा आवाज तेवढा पुढे सरकवतो. नोत्र दामची लांबी १२८ मीटर आहे. या टोकाचा आवाज त्या टोकाला जायला एक तृतीयांश सेकंदाहून जास्त लागतो. वीज आणि गडगडाटाचं उदाहरण आपण दरवर्षी देतोच, यंदा हे द्या.

आता इतिहास थोडक्यात. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणात कर्ण्यासमोर गायचं-वाजवायचं असे. ऑर्गनला कर्ण्यासमोर आणणार कसं? म्हणून ते वाद्य बरीच वर्षं नीट मुद्रितच झालं नाही. ११ नोव्हेंबर १९२० ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अज्ञात सैनिकाचा दफनविधी झाला, तेव्हा गेस्ट आणि मेरिमन या दोघांनी मायक्रोफोन लावून तिथला आवाज टिपायचा प्रयत्न केला. निकाल धूसर होता, पण वाट दिसली. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनचं मुद्रण सर्रास सुरू झालं आणि मग ऑर्गनच्या तबकड्या निघू लागल्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं. लांबलचक रचना मध्येच तोडायची, तबकडी उलटायची. आपल्याकडच्या नाट्यपदांच्या तबकड्यांची तीच गत होती.

१९२८ साली नोत्र दामच्या ऑर्गनवर ल्वी व्हिएर्न यांचं वादन मुद्रित झालं. हे नाव मी मुद्दाम घेते. व्हिएर्न जन्मापासून जवळजवळ दृष्टिहीन होते. लहानपणच्या शस्त्रक्रियेने थोडंफार दिसू लागलं, तेवढ्यावर ते १९०० साली नोत्र दामचे मुख्य ऑर्गनवादक झाले आणि २ जून १९३७ ला कार्यक्रम चालू असतानाच, ऑर्गनवरच त्यांना मृत्यू आला. त्या १९२८ च्या तबकड्यांत त्यांनी तिथल्या तिथे रचून वाजवलेल्या तीन रचना आहेत. कागदावर कुठेच नव्हत्या. नंतर दुसऱ्या एका संगीतकाराने, द्युरुफ्ले यांनी, तबकड्या ऐकून त्या लिहून काढल्या. मुद्रण झालं नसतं तर त्या रचना घुमाऱ्याबरोबरच गेल्या असत्या.

आणि जर्मनीचे हेल्मुट वाल्खा. विशीच्या आतच त्यांची दृष्टी पूर्ण गेली. दुसऱ्या कुणीतरी एकेक आवाजाची ओळ वेगळी वाजवून दाखवायची, ते ती पाठ करायचे, आणि मग चार-पाच ओळी डोक्यात एकत्र जुळवायचे. असं करत त्यांनी बाखचं ऑर्गनसंगीत पाठ केलं आणि एकदा नाही, दोनदा मुद्रित केलं. पहिल्यांदा १९४७ पासून, ल्युबेक आणि काप्पेल इथल्या जुन्या ऑर्गनवर. दुसऱ्यांदा स्टिरिओत, नेदरलँड्समधल्या आल्कमार आणि नंतर स्ट्रासबर्गला. तेव्हा कॅमेरा नव्हता. असता तरी त्यांना त्याचा काय उपयोग? हे मी वर्गात सांगितलं तेव्हा त्या पहिल्या बाकावरच्या मुलीने एकच विचारलं, "त्यांना खटके कसे सापडायचे?" मी म्हटलं, तुला आपल्या वर्गाचा दिव्याचा खटका कसा सापडतो, तसेच.

आता कुणी म्हणेल, बाई, मग तुम्ही चित्रीकरणाच्या विरोधात आहात का? अजिबात नाही. मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन बहुतेक मागच्या बाजूला, दाराच्या वर, उंच सज्जात असतो. प्रार्थनेला आलेली माणसं पाठ करून बसलेली. शेकडो वर्षं लोकांनी ऑर्गन ऐकला, पण वाजवणारा पाहिलाच नाही. आज नेदरलँड्स बाख सोसायटी बाखच्या सगळ्या रचना चित्रित करून फुकट बघायला देते. ते पाहताना आपण त्या सज्जात जाऊन बसतो, जिथे गावातल्या कुणालाही सहज जाता आलं नसतं. हे मोठं काम आहे. आणि त्यांचे व्हिडिओ घाईत कापलेले नसतात, हे मुद्दाम सांगते. इंग्लंडची ॲना लॅपवुड मोबाईलवर छोटे छोटे तुकडे टाकते, तिच्यामुळे लाखो तरुण ऑर्गनकडे वळले. २०२५ मध्ये कोलोनच्या कॅथेड्रलला तिला ऐकायला हजारो लोक रांगेत उभे होते. छोटा तुकडा हे बोलावणं म्हणून उत्तमच. माझी तक्रार एवढीच की आपण शिक्षक बोलावण्यालाच जेवण समजतो. तीस सेकंदांचा तुकडा दाखवला, 'पाय बघा' झालं, तास संपला.

जतनाचंही बघा. १९३५ साली आल्बर्ट श्वाइट्झर यांनी लंडनच्या ऑल हॅलोज बाय द टॉवर या चर्चमधल्या ऑर्गनवर बाख मुद्रित केला. पाच वर्षांनी, १९४० च्या बॉम्बफेकीत ते चर्च उद्ध्वस्त झालं, ऑर्गनही गेला. तबकड्या राहिल्या. जुलै २०२० मध्ये फ्रान्समधल्या नांतच्या कॅथेड्रलला आग लागली आणि तिथला मोठा ऑर्गन जळून गेला. नोत्र दामचा नशिबाने वाचला. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छत कोसळलं, पण ऑर्गनवर फक्त शिशाची धूळ बसली. तो सुटा केला, नळी नळी पुसली, आणि पुन्हा सूर लावायचं काम रात्री रात्री केलं, कारण दिवसा बांधकामाचा गोंगाट. ७ डिसेंबर २०२४ ला आर्चबिशपांनी त्याला आठ वेळा हाक मारली आणि वादकांनी आठ वेळा वाजवून 'ओ' दिली. जगभर ते थेट दिसलं. मी ते मुलांना दाखवलं, तेव्हा मात्र कपडा टाकला नाही. हाक मारणारा माणूस खाली आणि उत्तर देणारं वाद्य वर, हे बघायचीच गोष्ट आहे.

आणि चर्चचा तो आवाज? २०१३ मध्येच संशोधकांनी नोत्र दामच्या आतल्या घुमाऱ्याची मोजमापं घेऊन ठेवली होती. आगीनंतर ती कामाला आली. भिंतीचा फोटो सगळ्यांकडे असतो, भिंतीचा आवाज फार थोड्यांनी जपलेला असतो.

हे झालं परदेशातलं. आता आपल्या घरचं. करोनाच्या काळात मी ऑनलाइन तासाला तानपुऱ्याचं ॲप लावून प्रार्थना घ्यायचे. पालकांचे निरोप यायचे, "बाई, मधेच आवाज जातोय." नेटला शिव्या घातल्या. नंतर कळलं, नेटचा दोष नव्हता. कॉलमधली यंत्रणा सतत चालणाऱ्या एकसुरी आवाजाला पंख्याचा गोंगाट समजून पुसून टाकते. तिच्या दृष्टीने तानपुरा म्हणजे पंखा! ऑर्गनचा लांब धरलेला सूर तिला तसाच वाटणार. मोबाईलचं साधं मुद्रणही हळू आवाज आपोआप मोठा करतं आणि मोठा आवाज दाबतं. म्हणजे फुंकरीसारखी हळुवार नळी आणि सगळा ऑर्गन एकदम, दोन्ही ऐकायला सारखेच. पर्यटक म्हणून गेलेला कुणी नातेवाईक तिथून मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पाठवतो तो असा असतो. शिवाय प्रार्थना चालू असताना हात उंच करून काढलेला. आपल्या गाभाऱ्यात 'फोटो काढू नये' अशी पाटी असते, तिथेही लोक प्रार्थना करायला आलेले असतात, हे त्या नातेवाइकाला कुणीतरी सांगा.

तुम्ही वर्गात घेणार असाल तर घाई करू नका. मोठा स्पीकर मिळवा, नसेल तर चांगल्या हेडफोनवर दोन-दोन मुलांना ऐकवा. आधी कपडा, मग चित्र. आणि घरी आधी शेवटपर्यंत बघून घ्या, घुमारा कापलेला असेल तर दुसरा व्हिडिओ शोधा. आमचे सर अजूनही म्हणतात की आधी चित्र दाखवून मग झाकलं तर दंगा कमी होईल. असेल. त्यांनी त्यांच्या तिसरीत तसं करून बघायचं ठरवलंय.

पालकांना एक विनंती. जानेवारीत आपलं स्नेहसंमेलन आहे. गेल्या वर्षी समूहगीताच्या वेळी स्टेजवरून मला पालकांचे चेहरे दिसलेच नाहीत, नुसते मोबाईल. आणि गाणं संपायच्या आत 'झालं झालं' म्हणत मोबाईल खाली. यंदा हॉलच्या मागच्या भिंतीजवळ स्टुलावर एकच मोबाईल ठेवणार आहोत, सगळ्यांना तोच व्हिडिओ मिळेल. बंद कधी करायचा हे त्या पहिल्या बाकावरच्या मुलीवर सोपवलंय. ती हात वर करेपर्यंत कृपया टाळ्या वाजवू नका.